सावित्रीबाईंचे अठ्ठावीस महिने

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या हिंगोलीतल्या शाळाशाळांमधून छोट्या छोट्या सावित्रीबाई दिसतात. आईचं लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाटी. भाषणही पाठ असतं. नायगावला जन्म, नवव्या वर्षी लग्न, पुण्यात मुलींची शाळा, शेणाचे गोळे, दगड, आणि पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं. टाळ्या होतात, पेढे वाटले जातात, आणि सावित्रीबाई पुन्हा वर्षभरासाठी भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसतात.

मैत्रिणींनो, त्या दगडांचं मोल मी कमी करत नाही. पण बचत गटाच्या कामासाठी गेली काही वर्षं औंढा, कळमनुरी, सेनगावच्या खेड्यांतून फिरते, तेव्हा मला वेगळीच सावित्रीबाई आठवत राहते. सत्तावन्न वर्षांची. नवऱ्याचं उजवं अंग लुळं पडलेलं, घरात पैशाची ओढाताण, मुलगा अजून मिसरूड न फुटलेला, आणि रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई. ही सावित्रीबाई शाळेतल्या भाषणात येत नाही. आमच्या बायकांना मात्र हीच जास्त जवळची वाटेल, असं मला वाटतं. म्हणून आज तिच्याबद्दल.

आपल्याकडे लकवा मारला म्हणतात, नाहीतर अंगावरून वारं गेलं म्हणतात. पुस्तकी शब्द पक्षाघात. जुलै १८८८ मध्ये महात्मा फुल्यांच्या अंगावरून असं वारं गेलं आणि उजवी बाजू निकामी झाली. ते तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

त्या वर्षाच्या आधीच्या महिन्यांकडे जरा बघा. मार्च १८८८ मध्ये इंग्लंडच्या राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात आला. त्याच्या सन्मानाच्या समारंभाला सगळी बडी मंडळी जरीच्या कपड्यांत, आणि जोतीराव मात्र शेतकऱ्याच्या वेशात जाऊन उभे राहिले. इथं बसलेल्यांना पाहून हिंदुस्थानची रयत अशी असते असं समजू नका, रयत बघायची तर खेड्यांत या, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर सुनावलं. त्यानंतर ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा झाली. रावबहादूर विठ्ठलराव वंडेकरांनी त्यांना लोकांच्या वतीनं महात्मा ही पदवी दिली. हार झाले, तुरे झाले. आणि दोनच महिन्यांनी हा महात्मा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला दुसऱ्याचा हात शोधू लागला.

तो हात सावित्रीबाईंचा होता. पण तो अचानक कुठून आला नव्हता. त्यामागे अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार होता, आणि तो संसार काही साधा नव्हता.

१८४० साली लग्न झालं तेव्हा सावित्री नऊ वर्षांची, जोतीराव तेरा वर्षांचे. तिला अक्षर येत नव्हतं. नवऱ्यानंच तिला शिकवलं. सोबत त्यांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर होती, तिनं आईविना वाढलेल्या जोतीरावांना लहानपणापासून सांभाळलं होतं. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढं सासरे गोविंदरावांवर भाऊबंदांचा आणि समाजाचा दबाव इतका वाढला, की त्यांनी मुलाला सांगितलं, शाळा सोड नाहीतर घर सोड. दोघांनी घर सोडलं. अठरा-एकोणीस वर्षांची सून, तिला म्हणता आलं असतं की मी इथंच राहते, तुमचं तुम्ही बघा. ती नवऱ्याबरोबर निघाली. उस्मान शेख यांनी दोघांना आसरा दिला, आणि त्याच घरातली फातिमा शेख पुढं सावित्रीबाईंच्या बरोबरीनं मुलींना शिकवू लागली.

मूलबाळ झालं नाही. आता हे वाक्य लिहायला सोपं आहे. आपल्या भागात आजही ज्या बाईला मूल होत नाही तिचं हळदीकुंकवाला काय होतं ते सांगायला नको. त्या काळात तर दुसरी बायको करणं ही अगदी सरळ वाट होती. घरच्यांनी जोतीरावांमागं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. त्यांनी साफ नकार दिला. दोष नवऱ्यात असला तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल का, असा त्यांचा उलटा सवाल होता. असा सवाल विचारणारा नवरा १८५०-६० च्या आसपासचा आहे, हे लक्षात घ्या!

आणि आजारपण? तेही या जोडप्यात एकतर्फी नव्हतं. १८५६ मध्ये सावित्रीबाई बऱ्याच आजारी पडल्या आणि माहेरी, नायगावला गेल्या. तिथून ऑक्टोबरमध्ये त्यांनी जोतीरावांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दुखण्यातून आता उठते आहे, भावानं फार सेवा केली, असं त्या कळवतात. पण भावाशी झालेला वादही त्यात आहे. महारामांगांना शिकवून तुम्ही दोघं कुळाला बट्टा लावता, असं भाऊ म्हणाला, आणि अंथरुणावरच्या या बहिणीनं त्याला व्यवस्थित उत्तर दिलं. पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. आपल्यामागं शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल, तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्या लिहितात. म्हणजे अंगात ताप असताना या बाईच्या मनात, तिकडं आपलं काम कोण ओढत असेल, हा विचार. आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? दवाखान्यात सलाईन चालू असताना घरी दूध तापवलं का म्हणून विचारणाऱ्या आपण!

१८६३ मध्ये या दोघांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवून जावं. जाहिरात भिंतींवर लावली होती. बाळंतपणं कोण करायचं? न्हाऊमाखू कोण घालायचं? लंगोट कोण धुवायचं? जोतीरावांचं नाव पाटीवर, पण ही कामं सावित्रीबाईंच्या हातची. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा याच घरात जन्मला, त्याला दोघांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत.

मला हे इतकं मागचं सांगायचं कारण आहे. १८८८ मध्ये जोतीराव पडले तेव्हा त्या घराला आजारी, अडलेल्या, परक्या माणसाचं सगळं करायची पंचवीस वर्षांची सवय होती. फरक एवढाच, की आता अंथरुणावर घरातला कर्ता माणूस होता.

अर्धांगाच्या माणसाचं काय काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. घास भरवताना तो नरड्यात अडकणार नाही हे बघावं लागतं. लुळा हात रोज हलवावा लागतो, नाहीतर तो आखडून जातो. आंघोळ, शी-शू, धुणं. आणि या सगळ्याच्या वर म्हणजे त्या माणसाचा चिडचिडेपणा. काल दहा जणांना हुकूम सोडणारा माणूस आज पाण्याच्या पेल्यासाठी हाक मारतो, तेव्हा त्याचा राग सगळ्यात जवळच्या माणसावरच निघतो. जोतीराव तर स्वभावानं तापटच होते. शंभर वर्षांपूर्वी गाद्या बदलायला हॉस्पिटलची नर्स नव्हती, नळ नव्हता, डायपर नव्हते. विहिरीचं पाणी, पळसाच्या पत्रावळी आणि जुनी लुगडी फाडून केलेली फडकी, यावर आपल्या आज्ज्यांनी अशी आजारपणं काढली.

औंढ्याकडच्या एका गावात आमच्या गटात एक बाई आहे. नाव सांगत नाही. नवऱ्याला लकवा होऊन सहा वर्षं झाली. ती प्रत्येक बैठकीला उशिरा येते आणि सगळ्यांच्या आधी उठते. हळदीच्या दिवसांत पहाटे हळद शिजवायला मजुरीनं जाते, मध्येच धावत घरी येऊन नवऱ्याला पालथा-उलथा करते, पुन्हा जाते. एकदा मी तिला विचारलं, गटातून कर्ज मिळालं तर काय घेशील? शेळी, शिलाई मशीन, असं काही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, एक दिवस दुपारभर झोपायला मिळालं तर बरं. बाकीच्या बायका हसल्या. ती हसली नाही.

मला सावित्रीबाईंची ही झोप कधीकधी आठवते. त्या अठ्ठावीस महिन्यांत त्या कधी झोपल्या असतील?

पैशाचं तर विचारूच नका. खरं म्हणजे फुल्यांचं घर दरिद्री नव्हतं. जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला, मांजरीला त्यांची शेती होती. पुणे नगरपालिकेचे ते सदस्यही होते. पण आलेला पैसा शाळांत, वसतिगृहात, सत्यशोधक समाजात, दुष्काळात जेवण घालण्यात गेला. म्हातारपणासाठी गाठीला काही बांधलं नाही. कर्ता माणूस पडल्यावर मिळकत थांबली, आणि औषधपाणी सुरू झालं. डॉ. विश्राम रामजी घोले त्यांच्यावर उपचार करत होते. घोले हे पुण्यातले नावाजलेले शल्यवैद्य आणि सत्यशोधक समाजातलेच. त्यांची छोटी मुलगी काशी लहानपणीच वारली, तिच्या आठवणीसाठी त्यांनी पुण्यात बांधलेला बाहुलीचा हौद अजून त्या नावानं ओळखला जातो. मुलीला शिकवतात म्हणून डॉक्टरांनाही घरच्यांचा आणि जातीचा विरोध झाला होता. म्हणजे उशाशी बसणारी बाई आणि नाडी बघणारा डॉक्टर, दोघंही त्याच वाटेनं चाललेले.

मित्र मदत करत होते. मुंबईच्या मामा परमानंदांनी, म्हणजे नारायण महादेव परमानंद यांनी, १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाची अवस्था कळवली आणि मदत मागितली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांची थोरवी तर सांगितलीच, पण सावित्रीबाईंची त्याहून जास्त तारीफ करावी तेवढी थोडी, असा सूर लावला. बघा, जे घरात उठून-बसून होते त्यांना दिसत होतं. महाराजांची मदत आली, पण ती जोतीराव गेल्यानंतर. सरकारी कागदाला वेळ लागतो तसा राजांच्या कागदालाही लागत असेल.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

उजवा हात गेला म्हणून जोतीराव लिहायचे थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी! तुम्ही हा अंक खाली ठेवून एकदा डाव्या हातानं आपलं नाव लिहून बघा. अक्षर कसं वेडंवाकडं येतं, बोटं कशी दुखतात. आणि एक गोष्ट लगेच लक्षात येईल, दुसरा हात कागद धरायला नसेल तर कागद सरकतो. पक्षाघात झालेल्या माणसाच्या पुढ्यात कागद कुणीतरी नीट ठेवावा लागतो, दौत हाताशी आणावी लागते, पाठीला लोड लावून बसवावं लागतं, आणि दमला की आडवं करावं लागतं. असं करत करत त्यांनी १८८९ मध्ये एक आख्खं पुस्तक पुरं केलं, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात, यशवंतनं काढलं.

त्या पुस्तकात काय आहे? प्रश्नोत्तरांतून सगळं सांगितलंय. प्रश्न विचारणाऱ्यांत यशवंत जोतीराव फुले हेही एक नाव आहे, म्हणजे बापानं मुलाला पुस्तकात बसवून घेतलं. आणि त्यात बाई आणि पुरुष यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न येतो, तेव्हा जोतीरावांचं उत्तर बाई असं आहे. नऊ महिने पोटात वाढवते, जन्म देते, हगणं-मुतणं काढते, बोलायला-चालायला शिकवते, म्हणून. एक बाई असताना दुसरी करणाऱ्या पुरुषाला ते विचारतात, हेच तिनं केलं तर तुला चालेल का? तोच जुना सवाल. एका घरात बायकोनं बुद्धाचा धर्म घ्यावा, नवऱ्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं इस्लाम आणि मुलानं सत्यधर्म, आणि तरी सगळ्यांनी एकमेकांवर माया करत एकत्र राहावं, असंही त्यांनी त्यात मांडलंय.

मला वाटतं, बाई श्रेष्ठ हे ज्या दिवसांत त्यांनी लिहिलं, त्या दिवसांत त्यांना कूस बदलून देणारी, भरवणारी, धुणारी बाई समोरच होती. लहान मुलाचं करावं तसं ती त्यांचं करत होती. तरुणपणी हा विचार डोक्यातून आला असेल, आता तो रोज सकाळी पेला धरून समोर उभा होता. आणि त्या बाईचं काय? नवऱ्याचं दुखणं एवढंच आपलं काम, असं तिनं धरलं असतं तर तिनं कागद-दौत लांब ठेवली असती. डोक्याला ताण नको, विश्रांती घ्या, असं म्हटलं असतं, आणि कुणी तिला दोष दिला नसता. आपण प्रेमानं तेच करतो की नाही? आजारी माणसाला आपण पांघरूण घालतो, पथ्य सांभाळतो आणि त्याच्या हातून त्याचं काम काढून घेतो. हळूहळू तो माणूस नुसतं एक दुखणं होऊन बसतो. सावित्रीबाईंच्या घरात जोतीराव शेवटपर्यंत जोतीरावच राहिले.

दुखण्याच्या काळात घर बंदही पडलं नाही. ४ फेब्रुवारी १८८९ ला यशवंतचं लग्न झालं, ग्यानोबा ससाणे यांच्या राधाशी, सत्यशोधक पद्धतीनं. ब्राह्मण नाही, मंत्र नाहीत, हुंडा नाही, वधूवरांनी एकमेकांना शपथ द्यायची. नवरामुलगा विधवेचा म्हणून जातीत सोयरीक जमणं सोपं नव्हतंच. लग्नाआधीच होणाऱ्या सुनेला घरी आणून ठेवलं होतं, मुलाची-मुलीची ओळख व्हावी, म्हणून. सासूनं तिच्या पोळ्या किती गोल होतात हे न बघता तिच्या शिक्षणाकडं लक्ष दिलं, असं सांगतात. घरात लुळा सासरा, पैशाची चणचण, आणि सासू नव्या सुनेला अभ्यासाला वेळ काढून देते! माझ्या ओळखीच्या किती सासवा, माझ्यासकट, हे करतील, हा प्रश्न मी इथंच सोडते.

वटपौर्णिमेला आपण ज्या सावित्रीची कथा ऐकतो तिनं यमाशी वाद घालून नवऱ्याला परत आणलं. गोष्ट सुंदर आहे, मीही वडाला जाते. पण ते सगळं एका रात्रीत उरकतं. आमच्या गटातल्या बाईला यम भेटत नाही, तिला रोज सकाळ भेटते. सहा वर्षांच्या सकाळी. आणि आणखी एक बोच मला लागून असते. नवऱ्याला लकवा झाला की बायको त्याचं करते, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बायकोला झाला की आठ-पंधरा दिवसांत तिला माहेरी नेऊन सोडल्याची उदाहरणं मी या जिल्ह्यातच पाहिली आहेत, आणि एकदोन घरांत तर वर्षाच्या आत दुसरी आलेली. सगळे पुरुष असे नसतात. सेनगावकडचे एक रिटायर्ड गुरुजी रोज बायकोची वेणी घालतात, मला ते बघून भरून येतं. पण त्यांची गोष्ट गावभर सांगितली जाते, कौतुकानं, आणि अशीच वेणी घालणाऱ्या शंभर बायकांची सांगितली जात नाही. जोतीरावांचा तो सवाल अजून जुना झालेला नाही.

जाता जाता कामाचं एक सांगते, कारण १८८८ मध्ये हे नव्हतं आणि आज आहे. कुणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर धरला तर खाली पडायला लागला, जीभ जड झाली, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतल्या रक्ताच्या गाठीनं लकवा झाला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. आपल्याकडून नांदेडला पोहोचायलाच किती वेळ जातो ते हिशेबात धरा. कबुतराचं रक्त चोळणं, मांत्रिक, उतारा, यात ते तास घालवू नका. आणि रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरात असा रुग्ण असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. कागद गोळा करायला दमछाक होते, पण होतं काम.

पुन्हा पुण्याला, गंज पेठेतल्या त्या घराकडं येते.

२८ नोव्हेंबर १८९० ला पहाटेआधी जोतीराव गेले. त्यांनी जुलै १८८७ मध्येच, म्हणजे धडधाकट असताना, मृत्युपत्र करून ठेवलं होतं. सावित्रीबाई आणि यशवंत यांची व्यवस्था त्यात लावली होती. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि घरामागं त्यासाठी जागाही तयार करून ठेवली होती. पण वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. दहन करायचं ठरलं.

आणि मग भाऊबंद पुढं आले. जिवंतपणी ज्यांनी विरोध केला, आजारपणात जे फिरकले नाहीत, त्यांना आता हक्क आठवला. यशवंत दत्तक, त्यात विधवेचा, त्यानं टिटवं धरायचं नाही, असं त्यांनी अडवलं. टिटवं म्हणजे अंत्ययात्रेपुढं धरायचं अग्नीचं मडकं. जो ते धरेल त्याला वारसा, असा समज. वाद सुरू झाला, प्रेत दारात. अठ्ठावीस महिने त्या माणसाचं सगळं केलेली बाई तेव्हा कोपऱ्यात बसून रडत असेल, असं सगळ्यांना वाटलं असणार. तीच उठली, टिटवं हातात घेतलं आणि यात्रेच्या पुढं चालू लागली. १८९० मध्ये, पुण्याच्या रस्त्यावर, नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढं बायको. पुढं अस्थी घरी आणल्या आणि जोतीरावांनी स्वतः राखून ठेवलेल्या त्या जागेतच त्या पुरल्या. पुण्यात फुले वाड्याला गेलात तर मागच्या बाजूला तुळशी वृंदावन आहे, ती जागा नक्की बघा. आम्ही गटाच्या बायकांना घेऊन गेलो होतो, त्या दिवशी सगळ्यांनी चपला बऱ्याच लांब काढल्या.

अशी सेवा करून उठलेली बाई माणूस गेल्यावर खचते. आपण म्हणतो ना, आता कशासाठी उठायचं सकाळी, असं होतं. सावित्रीबाईंनी जोतीरावांच्या आयुष्यावर बावन्नकशी सुबोध रत्नाकर हे काव्य रचलं. सत्यशोधक समाजाचं काम हातात घेतलं, १८९३ मध्ये सासवडला समाजाची परिषद झाली तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. यशवंत डॉक्टर झाला, लष्करात नोकरीला लागला. १८९५ मध्ये सून वारली. १८९६ चा दुष्काळ आला, त्यात त्या पुन्हा फिरल्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. लोक घरं सोडून पळत होते, गाठ आलेल्या माणसाला सख्खे हात लावत नव्हते. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याला दवाखाना उघडायला लावला. रोगी आणायचं काम स्वतः करू लागल्या. त्या तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या पोराला गाठ आल्याचं कळलं, तेव्हा त्या तिथं गेल्या, त्याला चादरीत गुंडाळून पाठीवर घेतलं आणि माळावरच्या दवाखान्यात आणून पोचवलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.